ठळक अक्षराची कुळकथा

शब्दकोशात एखादा शब्द शोधताना डोळा प्रत्येक ओळ वाचीत बसत नाही. तो पानावरून झरझर खाली उतरतो आणि काळ्या, ठसठशीत अक्षरांपाशी थबकतो. ही सोय आता इतकी अंगवळणी पडली आहे, की ती कोणी तरी बुद्ध्या घडविली असेल हे मनातही येत नाही. तिच्या इतिहासातील महत्त्वाचे वर्ष १८४५ आणि स्थळ लंडनमधील फॅन स्ट्रीटची टाइप-ओतशाळा.

जाड अक्षरे त्यापूर्वीही होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात व्यापार वाढला, भिंती जाहिरातींनी भरल्या आणि दुरून दिसणारी लठ्ठ अक्षरे निपजली. परंतु ती रस्त्यावर ओरडण्यासाठी जन्मली होती. पुस्तकाच्या शांत ओळीत त्यांचा निभाव लागणे कठीण होते. पुस्तकात एखाद्या शब्दावर भर द्यावयाचा तर तिरपी अक्षरे, मोठ्या लिपीतील अक्षरे किंवा जुन्या गॉथिक वळणाची अक्षरे, एवढाच आधार असे.

ओतशाळेचे भागीदार रॉबर्ट बेझली यांनी ही उणीव भरून काढली. बेंजामिन फॉक्स या कारागिराने नव्या अक्षरांचे पोलादी ठसे कोरले आणि त्या टाइपाला नाव मिळाले क्लॅरेंडन. रोमन अक्षरांच्या टोकांना ज्या आडव्या रेघा असतात, त्यांना सेरिफ म्हणतात. क्लॅरेंडनमध्ये या रेघा जाड आहेत. पण मूळ दांड्याला त्या कोन करून न भिडता मऊ बाक घेऊन मिळतात. जाड व बारीक रेघांतील भेद राखलेला, अंग किंचित आवळलेले. त्यामुळे हे अक्षर साध्या अक्षरांच्या शेजारी बसते, उठून दिसते, पण शेजाऱ्यांना दडपीत नाही.

बेझलींनी १८४२ च्या कायद्यान्वये या आकृतीची नोंदणी केली. संरक्षण मिळाले ते अवघे तीन वर्षांचे. मुदत सरताच इतर ओतशाळांनी नकला बाजारात आणल्या आणि बेझलींना जाहीर तक्रार करण्यापलीकडे काही करता आले नाही. पुढे ते लंडनचे लॉर्ड मेयर झाले. ठसे कोरणाऱ्या फॉक्सचे नाव मात्र मुद्रणाच्या इतिहासाबाहेर फारसे कोणाच्या कानी नाही.

पण हेच अनुकरण त्या अक्षराच्या पथ्यावर पडले. छापखान्यांच्या बोलीत ‘क्लॅरेंडन’ हा शब्द कोणत्याही ठळक टाइपाला लावला जाऊ लागला. १८८४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्डच्या महान इंग्रजी कोशात मुख्य शब्द याच वळणात छापले गेले. अमेरिकेत त्याची लाकडी रूपे भित्तिपत्रकांवर झळकली. १९५३ साली स्वित्झर्लंडमध्ये हेरमान आयडेनबेंझ यांनी त्याला नवा अवतार दिला.

देवनागरीत लहान व मोठी अशी दुहेरी लिपी नाही. त्यामुळे मराठी कोशात, पाठ्यपुस्तकात किंवा वृत्तपत्रात वाचकाला वाट दाखविण्याचा भार ठळक अक्षरावर अधिकच पडतो. मालकी तीन वर्षांत सरली. उपयोग मात्र पावणेदोनशे वर्षे उलटली तरी सरलेला नाही. चांगल्या कारागिरीचे भाग्य पुष्कळदा असेच असते: ती सर्वांची होते, आणि म्हणूनच ती कोणाची होती हे विसरले जाते.