नांगराची ‘खबर’ : एका कारखान्याने वाचक कसे घडवले

१/ घरगुती केक विकणारे असोत वा पाण्याचे पंप बनवणारे, आज प्रत्येक व्यवसायाचा ब्लॉग असतो, समाजमाध्यमांवर पान असते. तिथे ‘माल घ्या’ असे थेट म्हटले जात नाही. उपयोगी माहिती दिली जाते, गोष्ट सांगितली जाते. मालाचे नाव कोपऱ्यात राहते. ही रीत इंटरनेटने जन्माला घातली, असा समज आहे. मराठीत मात्र तिचे मूळ १९२० साली, नांगर घडवणाऱ्या एका वसाहतीत सापडते. #थ्रेड

२/ लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील नोकरी सोडून बेळगावात आले. सायकलींच्या दुकानातून ते कडबा कापण्याच्या यंत्रांकडे आणि लोखंडी नांगराकडे वळले. पुढे बेळगावातील जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ जमीन दिली. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली.

३/ नांगर तयार होता, गिऱ्हाईक नव्हते. लोखंडामुळे जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांत समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे या उद्योगाच्या इतिहासात आवर्जून सांगितले जाते. अडचण किमतीची नव्हती, भीतीची होती. जाहिरात वस्तूचा भाव आणि दुकानाचा पत्ता सांगते. मनात रुजलेल्या भीतीला उत्तर देणे तिच्या चार ओळींत बसत नाही.

४/ इतर देशांतील कारखानदारांनीही ही मर्यादा ओळखली होती. अमेरिकेत जॉन डीअर यांनी १८३७ मध्ये पोलादी नांगर बनवला; त्यांच्या नावाच्या कंपनीने १८९५ मध्ये शेतकऱ्यांसाठी ‘द फरो’ हे नियतकालिक काढले. ‘फरो’ म्हणजे नांगराने पडणारे तास. फ्रान्समध्ये मिशलँ या टायर कंपनीने १९०० साली वाहनचालकांसाठी मार्गदर्शिका छापली. लोक जितका प्रवास करतील तितके टायर झिजतील, हा त्यामागचा सरळ हिशेब.

५/ किर्लोस्करवाडीत हे काम लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव (शं. वा. किर्लोस्कर, १८९१–१९७५) यांनी हाती घेतले. ते चित्रकार आणि व्यंगचित्रकार होते. कारखान्याच्या जाहिरातींची बाजू त्यांच्याकडे होती. १९२० मध्ये त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. ते कारखान्याचे मुखपत्र होते आणि नावातूनच त्याचा हेतू स्पष्ट होता.

६/ पण शेतकरी नांगर दर महिन्याला घेत नाही; मासिक मात्र दर महिन्याला निघते. मग वाचकाने ते का उघडावे? या प्रश्नाने ‘खबर’चे रूप पालटले. उद्योग, स्वावलंबन, आरोग्य, कथा, व्यंगचित्रे, समाजसुधारणा असे विषय त्यात आले. १९२९ मध्ये ‘खबर’ हा शब्द गळून ‘किर्लोस्कर’ उरले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे निघाली. ‘स्त्री’च्या असंख्य वाचकांना कधीच नांगर घ्यायचा नव्हता.

७/ खरी कसोटी यानंतरची. मासिकाने बुवाबाजीवर, अंधश्रद्धेवर आणि रूढींवर टीका आरंभली. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या वि. दा. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ‘किर्लोस्कर’मध्ये प्रसिद्ध झाले. गिऱ्हाइकाच्या देवाशी भांडू नये, हे कोणत्याही पेठेतले शहाणपण. या मासिकाने ते मानले नाही. त्यातून कारखान्याचे गिऱ्हाईक दुखावण्याचा धोका उघड होता.

८/ मग हे कशासाठी? शंकररावांची बुद्धिवादावरील निष्ठा हे एक उत्तर. दुसरे उत्तर व्यवहाराचे: लोखंडाची भीती आणि बुवाची भीती एकाच मनात नांदतात, एक सैल झाली की दुसरीही सैल होते. यंत्र विकायचे तर यंत्र स्वीकारणारा समाज हवा. निष्ठा आणि हित इथे एकमेकांत इतके मिसळले आहेत की एकाच्याच आधारे केलेली मांडणी अपुरी ठरते.

९/ म्हणूनच अशी साधने वाचताना सावधपण हवे. कारखान्याच्या कुटुंबातून निघणारे मासिक मध्यमवर्गाचे मन उत्तम दाखवते. पण कामगारांचे वेतन किंवा प्रतिस्पर्ध्यांचा माल यांविषयी निवाडा करायचा, तर दुसरी साधने शोधावी लागतात. आजच्या उद्योगांचे ब्लॉग उद्या इतिहासाची साधने होतील, तेव्हा त्यांनाही हाच नियम लागू पडेल.

१०/ एक फरक मात्र मोठा आहे. ‘किर्लोस्कर’चे पान त्यांच्या स्वतःच्या मालकीचे होते; काय छापावे हे संपादक ठरवत असे. आजचा उद्योजक दुसऱ्याच्या मालकीच्या व्यासपीठावर लिहितो आणि त्याचे नियम एका रात्रीत बदलू शकतात. ‘किर्लोस्कर’चे जुने अंक अभ्यासक आजही चाळतात, ते नांगराचा भाव पाहण्यासाठी नव्हे. त्या काळातील मराठी घरांत कोणते वाद चालले होते, हे त्या पानांत सापडते. विक्रीसाठी सुरू झालेल्या मासिकाने विकत न घेणाऱ्या वाचकालाही काही दिले, म्हणून ते टिकले.