चांदीची नळी, रबरी नळी

मुस्लिमांच्या वैद्यकीय वारशाचा विषय निघाला की अबुल कासिम अल-जहरावी यांचं नाव आपल्या सभांमधून हमखास येतं. कुर्तुब्याजवळच्या मदीनत अल-जहराचे हे हकीम इ.स. 1013च्या सुमारास वारले. त्यांच्या ‘किताब अत्-तसरीफ’चे तीस भाग, त्यातल्या शेवटच्या भागात शस्त्रक्रियेची सुमारे 200 अवजारं चित्रांसह दिली आहेत. एवढं सांगून टाळ्या पडतात आणि वक्ता इब्न सीनाकडे वळतो. पुस्तकात नेमकं काय लिहिलंय, हे क्वचितच कुणी सांगतं.

त्यात एक अवजार लघवी तुंबलेल्या रोग्यासाठी आहे. चांदीची, पातळ, गुळगुळीत, पक्ष्याच्या पिसाच्या दांडीसारखी पोकळ नळी. दोऱ्याला बांधलेला लोकरीचा बोळा नळीत बसवायचा, नळी मूत्राशयात पोचली की दोरा ओढायचा. बोळ्यामागोमाग लघवी खेचली जाते. तत्त्व आपल्या पिचकारीचंच. जहरावींनी नळीचा शोध लावला असं मात्र म्हणू नये. पाँपेईच्या अवशेषांत रोमन काळातल्या धातूच्या नळ्या सापडल्या आहेत, आणि नळीचं अरबी नावही ग्रीकांकडूनच आलेलं. आजचा ‘कॅथेटर’ त्याच शब्दाचा भाऊ.

या सगळ्या जुन्या नळ्या मुख्यतः घालायच्या, काम झालं की काढायच्या. धातूची कडक नळी आत ठेवून माणूस किती वेळ पडून राहणार? एकोणिसाव्या शतकात रबर टिकाऊ करण्याची युक्ती सापडली आणि मऊ नळ्या आल्या, पण त्या जागेवर राहाव्यात म्हणून चिकटपट्टीने किंवा दोऱ्याने बांधाव्या लागत. ही अडचण सोडवली अमेरिकेतल्या मिनेसोटाचे डॉ. फ्रेडरिक फोली यांनी. नळीच्या टोकाशी छोटा फुगा. आत गेल्यावर तो फुगवला की नळी निसटत नाही. 1930च्या दशकात ही नळी प्रचारात आली. पेटंटचा वाद फोली हरले, नाव मात्र त्यांचंच राहिलं. आजही वॉर्डात सिस्टर ‘फोलीज’च मागतात.

आता नळी दिवसेंदिवस आत राहू लागली, आणि इथेच घोटाळा झाला. नळीचं दुसरं टोक पलंगाखालच्या उघड्या बाटलीत सोडलेलं असे. वॉर्डातले जंतू बाटलीत, बाटलीतून नळीत आणि नळीतून मूत्राशयात. चार दिवसांत बहुतेक सर्व रोग्यांच्या लघवीत जंतू सापडत. 1958 साली डॉ. पॉल बीसन यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात थेट कॅथेटरच्या विरोधात संपादकीय लिहिलं: रोग्याला खरंच गरज आहे का, हे आधी विचारा.

तोवर पेनिसिलिन आणि त्यामागून आलेल्या औषधांचा जमाना होता. जंतू झाले तर गोळी आहेच, असा विश्वास होता. पण नळीवर जंतू सुटे राहत नाहीत. ते तिच्या पृष्ठभागाला चिकटून स्वतःभोवती चिकट थर तयार करतात, पावसाळ्यात टाकीच्या भिंतीला शेवाळ धरावं तसा. त्या थरात औषध नीट काम करत नाही. अर्धवट औषधाने कमजोर जंतू मरतात, तगडे उरतात. 1959 साली जपानी संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली: औषधाला न जुमानण्याचा गुण एक जंतू शेजारच्या वेगळ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो.

खरा फरक औषधाने नव्हे, पिशवीने पडला. 1966 साली क्युनिन आणि मॅकॉर्मॅक या डॉक्टरांनी दाखवून दिलं की नळी आणि पिशवी अखंड बंद ठेवली तर जंतूंचा शिरकाव बराच लांबतो. लांबतो, थांबत नाही. रोज शेकडा तीन ते सात रोग्यांच्या लघवीत नव्याने जंतू येतातच. आपल्याकडे तर स्ट्रेचरवर नेताना नातेवाईक ती पिशवी उचलून रोग्याच्या पोटावर ठेवतात. साचलेली लघवी उलटी मूत्राशयात जाऊ शकते, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. आणि नळी असताना लघवीत नुसते जंतू दिसले, ताप नाही, दुखणं नाही, तर बहुतेक वेळा अँटिबायोटिकची गरज नसते. तरी रिपोर्ट हातात पडला की आपणच डॉक्टरांना विचारतो, ‘मग स्ट्राँग औषध का देत नाही?’

2008 साली स्वीडनमधल्या एका भारतीय वंशाच्या रोग्याच्या लघवीत क्लेबसिएला नावाचा जंतू सापडला. तो आधी दिल्लीत उपचार घेऊन परतला होता. राखून ठेवलेली कार्बापेनेम गटातली औषधंही या जंतूवर चालेनात. त्याच रोग्याच्या विष्ठेतल्या ई. कोलाय जंतूतही तोच गुण आढळला. म्हणजे जपान्यांनी सांगितलेली देवाणघेवाण बहुधा त्याच्या शरीरातच झाली होती. त्या गुणाच्या जनुकाला दिल्लीचं नाव दिलं गेलं, एनडीएम-1, आणि 2010 मध्ये आपल्याकडे मोठा गदारोळ उठला. देशाची बदनामी, वैद्यकीय पर्यटनाविरुद्ध कट, वगैरे. नावाचा राग समजू शकतो. पण नावावर जितकी चर्चा झाली तितकी वॉर्डातल्या हात धुण्यावर झाली नाही.

अशा जंतूंसाठी मग कोलिस्टिन पुन्हा कपाटातून काढावं लागलं. मूत्रपिंडाला इजा करतं म्हणून 1970च्या दशकात जवळजवळ बाजूला टाकलेलं औषध. आज अनेक अतिदक्षता विभागांत राउंडच्या वेळी प्रत्येक पलंगापाशी बीसन यांचाच प्रश्न विचारण्याचा नियम आहे: ही नळी आज काढता येईल का? तो प्रश्न रोग्याच्या मुलाने किंवा सुनेने विचारला तरी चालतो.