जलशाच्या ढोलकीपासून मे महिन्यातल्या सामन्यापर्यंत

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचे ठरले तेव्हा विषय वाटून घेतले गेले. कुणी धम्मावर लिहायचे, कुणी शिक्षणावर, कुणी विहाराच्या बांधकामावर. गाण्याबजावण्याचा विषय काही कुणी घेईना. तो आम्ही मागून घेतला. आपल्या आज्या-पणज्यांना अक्षरओळख नव्हती. बाबासाहेब काय म्हणतात ते त्यांच्या कानावर पडले ते बहुतेक गाण्यातूनच. तेव्हा आपल्या वाड्यांचा इतिहास लिहायचा म्हणजे ढोलकीला बाहेर ठेवून चालणार नाही.

मुळापासून सांगायचे तर महात्मा फुल्यांपर्यंत जावे लागते. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला. पुढे त्या विचाराचा प्रसार करण्यासाठी सत्यशोधक जलसे उभे राहिले. ओतूरचे भीमराव महामुनी यांचे नाव त्यात पहिल्याने घेतात. या मंडळींनी तमाशाचा साचा घेतला आणि आतला माल बदलला. तमाशात आधी गण, मग गौळण, मग बतावणी आणि शेवटी वग. जलशात गणातली देवाची स्तुती गेली. गौळणीच्या जागी भटजी-सावकाराच्या लबाडीवरचे संवाद आले. लोकांना रूप ओळखीचे होते, म्हणून बसायला संकोच वाटला नाही. बसल्यावर जे ऐकले ते मात्र नवीन होते.

हीच युक्ती आंबेडकरी जलशांनी पुढे नेली. नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला आणि त्याच धामधुमीत नाशिक जिल्ह्यात जलसे तयार झाले. त्यात सर्वांत गाजला तो कसबे सुकेण्याच्या भीमराव कर्डकांचा. केरूजी घेगडे, पतितपावनदास अशी आणखीही नावे आहेत. कर्डकांनी या सगळ्याची हकिगत 'आंबेडकरी जलसे' या आपल्या पुस्तकात लिहून ठेवली आहे. ज्याला मिळेल त्याने ते वाचावेच. कर्डकांच्या एका जलशाची बरोबरी बाबासाहेबांनी आपल्या दहा सभांशी केली होती, असे चळवळीतली जुनी माणसे सांगत आली. जलशात काय असायचे? मेलेल्या जनावराचे मांस सोडा, दारू सोडा, गावकीची हलकी कामे सोडा, पोरांना शाळेत घाला. सभेत हेच ऐकताना माणसाला आपल्याला बोलतायत असे वाटते. जलशात तेच एखादे सोंग घेऊन समोर यायचे, माणसे पोट धरून हसायची आणि घरी जाताना गप्प व्हायची.

हे सगळे घाटावरचे झाले. मग ते आपल्या दर्यालगतच्या वाड्यांत कसे आले? मुंबईहून. आपला तळकोकण मुंबईच्या गिरण्यांवर, गोदीवर जगला. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी येथल्या बीडीडी चाळींत एकेका खोलीत एकेका गावची दहा-पंधरा माणसे राहायची. चाळीच्या मैदानात जलसा उभा राहिला की रात्रपाळी नसलेला प्रत्येक जण तिथे. गाण्यांच्या छोट्या पुस्तिका एक-दोन आण्याला विकल्या जात. चाकरमानी शिमग्याला, मे महिन्यात बोटीने मालवण-वेंगुर्ल्याला उतरायचे तेव्हा ट्रंकेत धोतरजोडी, बायकोला लुगडे आणि तळाशी ही पुस्तिका. ज्याला वाचता येई त्याने चाल धरायची, बाकीच्यांनी पाठ करायची. कोकणातल्या खोतीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२९ साली चिपळूणला परिषद घेतली, १९३८ मध्ये ते कणकवलीपर्यंत आले. त्यांना प्रत्यक्ष पाहिलेली माणसे थोडी होती. गाण्यातून ओळखणारी घरोघर होती.

इथे एक गोष्ट थांबून सांगायला हवी, कारण आजच्या पोरांना ती ठाऊक नाही. गाणे आपल्याकडे बाबासाहेबांच्या आधीही होते, वाद्येही होती. पण काही गावांत ती गावकीची होती. पालखीपुढे वाजवायचे, लग्नात मांडवाबाहेर उभे राहून वाजवायचे आणि मग वाढलेले दुरून घ्यायचे. कला अंगात, मान शून्य. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा झाली आणि पाठोपाठ आपल्या वाड्यांतून ही कामे बंद पडत गेली. ढोल खाली ठेवणे हे सोपे नव्हते हो. त्यावर वर्षाचे धान्य अवलंबून होते, आणि काही ठिकाणी गावाने वाळीत टाकल्यासारखे केले. शिवाय वाजवणाऱ्याच्या हाताला सवय असते, ती कुठे जाणार? अशा हातांना पुढे जयंतीने काम दिले. तेच बोट, तीच थाप, फक्त आता मांडवाच्या आत, खुर्चीवर बसून आणि स्वतःच्या माणसांपुढे. आमच्या मते आपल्या संगीताच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी घटना आहे. ती कुठल्या पुस्तकात ठळक लिहिलेली आम्हाला दिसली नाही.

दीक्षेनंतर जलसे हळूहळू मागे पडले आणि गायन पार्ट्यांचा काळ आला. या काळाचे नाव घ्यायचे तर वामनदादा कर्डक. जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातले देशवंडी गाव. मुंबईत मजुरी करता करता मोठेपणी अक्षरे शिकले, आणि १९४३ मध्ये पहिले गाणे रचले ते एका सिनेमाच्या गाण्याच्या चालीवरचे विडंबन. पुढे हजारो गाणी झाली. 'वाटचाल' आणि 'मोहळ' हे त्यांचे संग्रह. 'माझ्या जीवनाचं गाणं' हे आत्मचरित्र १९९६ साली आले. १५ मे २००४ रोजी ते गेले. त्यांच्याबरोबरीने विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांचे आवाज घरोघर पोचले. उमपांचा शेवट तर नागपूरला, दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात मंचावरच झाला, २६ नोव्हेंबर २०१० रोजी.

पार्ट्यांचा 'सामना' ज्यांनी रातभर बसून ऐकला असेल त्यांना वेगळे सांगायला नको. दोन मंच, दोन पार्ट्या. एकीने इतिहासातला सवाल टाकायचा, दुसरीने गाण्यातच जबाब द्यायचा. मुंबईत हे कव्वालीच्या अंगाने वाढले असे म्हणतात आणि ते खरे आहे. पण आपल्या मालवणी माणसाच्या कानाला ते एकदम पटले त्याचे कारण आम्हाला वेगळे वाटते. आपल्याकडे भजनाची डबलबारी आधीपासून आहे. दोन बुवा, पेटी, पखवाज, चकवा, मागे कोरस आणि एकमेकांना चिमटे. आपली माणसे ती कुंपणाबाहेर उभी राहून ऐकत मोठी झाली. सामना आला तेव्हा रीत ओळखीची होती, बसायची जागा मात्र आपली होती. दशावताराच्या पेटीची सूरत धरून बुद्ध-भीमगीत म्हणणारे गायक या जिल्ह्यात आहेत ते उगीच नव्हेत.

बायांचे गाणे या इतिहासात नेहमी राहून जाते. मंचावर पुरुष, मांडवात पुरुष. पण जात्यावर कोण होते? पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, त्यात बाबासाहेबांवरच्या, बुद्धांवरच्या, रमाईवरच्या ओव्या आहेत. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली केले, ते चळवळीतल्या बायांशी बोलूनच. आपल्या उपासिका वर्षावासात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' वाचून झाल्यावर शेवटी दोन गाणी म्हणतात, त्यातली काही कुठल्याही पुस्तिकेत नाहीत. ती त्यांनीच केलेली आहेत. विचारले तर म्हणतात, "असाच जुळवला वायच."

आता एका वादाला हात घालतो. विहारात ढोलकी वाजावी की नाही? काही जाणते उपासक म्हणतात, अष्टशीलात नाचगाणे-वादन पाहण्या-ऐकण्यापासून दूर राहण्याचे शील आहे, मग विहारात हा गोंगाट कशाला? त्यांचे म्हणणे उपोसथाच्या दिवसापुरते पूर्ण बरोबर आहे. अष्टशील घेतलेल्याने ते पाळलेच पाहिजे. पण आपण गृहस्थ रोज घेतो ते पंचशील आणि त्यात हे शील नाही. दीघनिकायातल्या सक्कपञ्ह सुत्तात तर पंचशिख गंधर्व वीणा घेऊन भगवंतांपुढे गातो आणि भगवंत त्याला सांगतात की तुझ्या तारांचा आवाज गळ्याशी आणि गळ्याचा तारांशी छान मिळतो. (गाणे प्रेमाचे होते, हेही सांगून टाकतो.) सोण भिक्खूला वीर्याचा उपदेश करतानाही भगवंतांनी वीणेच्या तारेचाच दाखला दिला. तार फार ताणलेली नको, फार सैलही नको. खुद्द बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. म्हणून आमचे मत असे की वंदनेच्या वेळी पूर्ण शांतता असावी आणि वंदना संपल्यावर अंगणात ढोलकी वाजावी. दोन्ही आपापल्या वेळी.

गाण्याने माणसे एकत्र आणण्याचे काम काही फक्त आपणच केले नाही. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी १९५५ साली माँटगोमेरीला बसवर बहिष्कार घातला तेव्हा त्यांच्या सभा चर्चमध्ये व्हायच्या आणि गाण्याशिवाय सभा सुरू होत नसे. इकडे मद्रासला पंडित अयोतीदास यांनी १८९८ च्या सुमारास बौद्ध धम्म स्वीकारला. त्यांच्या 'जातीविरहित' या कल्पनेवरून नाव घेऊन २०१७ साली चेन्नईत 'कास्टलेस कलेक्टिव्ह' नावाचा वाद्यवृंद उभा राहिला. परईचा ठोका, गाना आणि रॅप एकत्र. परईसुद्धा मयताला वाजवायचे म्हणून हलके मानलेले वाद्य. आपल्या ढोलाची गोष्ट तिथेही तीच आहे, बघा.

नंतरचे दिवस लवकर सांगतो. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली, मग सीडी, मग मोबाइल. गाणी घरात आली हे चांगले झाले. पार्टीला बोलावणे मात्र कमी झाले. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर भोंगा बंद केला. वर्षातल्या मोजक्या दिवशी सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकते, तेवढीच. रातभराचा सामना तिथेच मेला. नियम चुकीचा आहे असे आम्ही म्हणत नाही, आजारी माणसे, परीक्षेची पोरे सगळ्यांच्या घरात आहेत. पण डीजे दोन तासांत छाती हादरवून जातो आणि गायकाला रंग चढायलाच दोन तास लागतात. नुकसान झाले ते गायकाचे.

आणि तरीही नवीन गाणे थांबलेले नाही. ते प्रत्यक्ष ऐकायचे असेल तर ६ डिसेंबरला दादरला जाणाऱ्यांनी चैत्यभूमीचे दर्शन घेऊन लगेच गाडी पकडू नये. शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या गाळ्यांमधून फिरावे, जिथे डफ वाजतो तिथे उभे राहावे. आज जो कोपऱ्यात गातोय त्याला अजून बोलावणी नसतात, तो आनंदाने येतो. संभाजी भगत यांचा पोवाडा ज्यांनी समोर बसून ऐकला त्यांना 'कोर्ट' हा २०१४ चा चित्रपट पाहताना ती चाल ओळखता आली असेल. आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड' (२०११) मध्ये वस्त्यांतले शाहीर भेटतात. कडूबाई खरात एकतारीवर गातात त्या मोबाइलमुळे सगळ्यांना माहीत झाल्या, पण त्याआधी त्या गातच होत्या. म्हणजे तशा कितीतरी बाया आजही गात असतील, आणि त्यातली एखादी कुडाळ किंवा देवगड तालुक्यात नसेल कशावरून?

आपली संयुक्त जयंती मे महिन्यात होते, कारण मुंबईकर तेव्हा येतात. गेली काही वर्षे वर्गणीतला मोठा वाटा डीजेला जातो. यंदाच्या बैठकीत त्यावर बरीच तणातणी झाली. तरुणांचे म्हणणे मिरवणुकीत नाचायला काहीतरी हवे, आणि ते चूक नाही. शेवटी ठरले ते असे : मिरवणुकीला ढोल-ताशा, तोही आपल्याच पोरांचा. रात्री सात ते दहा बाहेरची एक पार्टी आणि आपल्या वाडीची एक, असा सामना. आपल्या वाडीची पार्टी म्हणजे सध्या एक पेटीवाला, सत्तरी उलटलेले एक ढोलकीवाले बाबा आणि कोरसला पाच उपासिका. बाबांचा हात अजून तयार आहे, पण त्यांच्या शेजारी बसून शिकणारे कुणी नाही. दोन मुली येते म्हणाल्या आहेत. ढोलकी पोरींनी वाजवायची का, असे कुणीतरी कुजबुजले तेव्हा बाबाच म्हणाले, "बोटां असली की झाला."

तालीम रविवारी वंदनेनंतर विहाराच्या पडवीत होते. उपासिकांची गाणी उतरून घ्यायला एक वही केली आहे, ती विहाराच्या कपाटात आहे. त्यात रमाईवरचे एक जुने गाणे लिहिले आहे, पण त्याची दोनच कडवी कुणाला आठवतात. तिसरे कडवे ज्यांच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला येत असेल त्यांनी मे महिन्याच्या आधी कळवावे, म्हणजे ते सामन्यात घेता येईल.