झोबोच्या पाठीवर स्पिटफायर

इरुंगाट्टुकोट्टैचा रेस ट्रॅक सुमारे 3.7 किमीचा. मद्रासच्या शर्यती इथे येण्याआधी शोलावरमला, दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवर व्हायच्या. तिथे पळणाऱ्या गाड्यांत एक घरगुती गाडी असायची : स्टँडर्ड हेराल्ड. 1961 पासून मद्रासलाच बनणारी. आपल्यातल्या कित्येक ज्येष्ठांनी ती चालवली असेल. ट्रायम्फची स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार तिच्याच सांगाड्यातून निघाली.

त्याचं मूळ एका अडचणीत आहे. कॉव्हेंट्रीच्या स्टँडर्ड-ट्रायम्फला बॉडी पुरवणारा कारखाना बीएमसी या प्रतिस्पर्ध्याने विकत घेतला. एकसंध बॉडी मिळेना, म्हणून वेगळी चासी करून तिच्यावर बॉडीचे भाग बोल्टने जोडायचे ठरलं. पद्धत जुनीच! रेखाटन तुरीनच्या जोव्हानी मिकेलोत्तींचं. प्रकल्पाचं सांकेतिक नाव होतं 'झोबो'. लडाख केलेल्यांना हा प्राणी ठाऊक आहे, याक आणि गाईच्या संकराचा, मुकाट ओझं वाहणारा. 1959 मध्ये गाडी आली ती मात्र 'हेराल्ड' म्हणून. हे नाव कंपनीप्रमुख अ‍ॅलिक डिक यांच्या नौकेचं.

वेगळ्या चासीमुळे एक सोय झाली. ती आखूड करून मिकेलोत्तींनी तिच्यावर दोन माणसांची उघडी गाडी बसवली. सांकेतिक नाव 'बॉम्ब'. पण कंपनीकडे पैसा नव्हता. नमुना कोपऱ्यात कापडाखाली पडून राहिला. 1961 मध्ये लेलँडने कंपनी घेतली, त्यांच्या स्टॅन्ली मार्कलंड यांनी ते कापड उचललं आणि गाडीला हिरवा कंदील मिळाला. ऑक्टोबर 1962 मध्ये ती बाजारात आली, 1147 सीसीचं इंजिन आणि लढाऊ विमानाचं नाव घेऊन.

ते नाव विमानाचे रचनाकार मिचेल यांनाही पसंत नव्हतं म्हणतात. व्हिकर्सच्या प्रमुखांनी आपल्या तापट मुलीच्या लाडक्या नावावरून ते ठेवलं होतं. पण 1947 च्या नोव्हेंबरात काश्मीरवर आपल्याही स्पिटफायर उडाल्या. त्यानंतर हे नाव सहलीच्या गाडीवर पाहणं मला जड जातं. माझं मत 'झोबो'ला. आत तोच तर होता.

इंग्लंडने त्या सांगाड्याची दोन माणसांची गाडी केली. मद्रासने त्याच हेराल्डला चार दरवाजे दिले, जे इंग्लंडमधल्या हेराल्डला कधीच मिळाले नाहीत. मागच्या सीटवर आजी, दोन मुलं आणि एक होल्डॉल.