विटाळाच्या तारखा, दुखण्याच्या तारखा

जॉन सॅम्पसन हे नाव आपल्याकडे स्त्रीरोगतज्ज्ञ सोडले तर फारसं कुणाला ठाऊक नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीचा हा शल्यविशारद. १९२१ मध्ये त्याने अंडाशयातल्या, चॉकलेटसारखं जुनं रक्त भरलेल्या गाठींवर लिहिलं, आणि लगेच १९२२ मध्ये आतड्यावरच्या तशाच गाठींवर. पाळीच्या दिवसांत पोट उघडलं तेव्हा गर्भाशयाबाहेरच्या या पेशीही रक्ताळलेल्या त्याला दिसल्या. 'एंडोमेट्रिओसिस' हा शब्द त्यानेच रूढ केला.

म्हणजे सगळा खेळ तारखांचा. इथे मला आपल्या घरांचं नवल वाटतं. 'कावळा शिवला' म्हणून बाई बाहेर बसायची, तेव्हा तिची तारीख अख्ख्या वाड्याला ठाऊक असे. पण त्याच दिवसांत शौचाला बसताना तिला कळ येते का, हे कोण विचारणार? विटाळाची मोजदाद चोख, दुखण्याची मुळीच नाही.

मी खारघरला राहते. इथे टाटाचं अ‍ॅक्ट्रेक आहे, त्यामुळे 'आतड्यात गाठ' म्हटलं की शेजारपाजारच्यांच्या मनात पहिला शब्द येतो तो कॅन्सर. माझ्या धाकट्या बहिणीला सहा वर्षं 'गॅस' होता, मग 'टेन्शन', मग एकदम हा संशय. कोलोनोस्कोपी स्वच्छ निघाली. पेढे वाटायचेच काय ते बाकी होते! पण हा आजार आतड्यात बाहेरून शिरतो. आतलं अस्तर बहुधा शाबूतच राहतं, मग आतून बघणाऱ्या दुर्बिणीला तो दिसणार कसा? सापडला तो योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत आणि पुढे एमआरआयमध्ये, तेही बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मुद्दाम शोधला म्हणून. त्यांनी आधी तारखा मागितल्या. बहिणीच्या कालनिर्णयवर पाळीच्या फुल्या होत्या, कळांची एकही खूण नव्हती.

पूर्वी पोटात दुर्बीण घातल्याशिवाय निदान पक्कं मानत नसत. युरोपीय तज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी तो आग्रह सोडला. उपचारात मात्र दुर्बीण हवीच, आणि त्याबाबतीत मुंबई मागे नव्हती: जे. जे. रुग्णालयात तेहमटन उदवाडियांनी १९९० मध्ये दुर्बिणीने पित्ताशय काढलं, देशात पहिल्यांदा. आतड्यावरची गाठ वरवर असेल तर तासतात, खोल असेल तर चकतीएवढा तुकडा काढतात, फारच पसरली तर आतड्याचा तेवढा भाग कापून टोकं जोडतात. जोड गळण्याची भीती असतेच, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञासोबत आतड्याचा सर्जनही टेबलापाशी लागतो.

बहिणीला तूर्त डायनोजेस्टची गोळी सुरू आहे. आतडं अरुंद झालेलं नाही, तोवर कापायची घाई नको, असं ठरलंय. तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी.