बाहुली-चाचणी
वर्णभेदाचा लहान मुलांच्या स्वप्रतिमेवर, म्हणजे स्वतःविषयीच्या जाणिवेवर, होणारा परिणाम तपासण्यासाठी केनेथ व मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय अमेरिकी मानसशास्त्रज्ञ दांपत्याने योजलेली चाचणी. ३ ते ७ वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांपुढे रंग वगळता एकसारख्या गोऱ्या व तपकिरी बाहुल्या ठेवल्या असता, सुमारे दोन-तृतीयांश मुलांनी आपल्यासारखी म्हणून तपकिरी बाहुली दाखवली, पण खेळण्यासाठी जवळजवळ तितक्याच मुलांनी गोरी निवडली. स्वतःशी साम्य सांगण्याची वेळ येताच काही मुलांना रडू कोसळले, ही यातील सर्वांत वेदनादायक नोंद होय. गोरीची निवड विभक्त शाळांच्या आर्कान्सॉपेक्षा मिश्र शाळांच्या मॅसॅचूसेट्समध्ये अधिक आढळल्याने दोष एकट्या शाळेचा मानता येत नाही. १९५४ च्या ब्राउन खटल्यात शालेय वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवताना अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने केनेथ यांच्या लेखनाचा तळटीपेत आधार घेतला.