बहु-अँटेना पद्धतीचा उदय : एक ऐतिहासिक विवेचन

बिनतारी संदेशवहनाच्या इतिहासात एकाच घटनेस दोन कालखंडांत दोन परस्परविरोधी अर्थ प्राप्त झाले. प्रक्षेपकापासून निघालेली लहर आयनांबर, डोंगर वा इमारती यांवरून परावर्तित होऊन अनेक मार्गांनी ग्राहकाकडे येते. या लहरी कधी परस्परांस पूरक ठरतात, तर कधी परस्परांस निष्प्रभ करतात. परिणामी संदेश क्षीण होतो.

प्रारंभी या बहुमार्गी प्रसारणाकडे विघ्न म्हणूनच पाहिले गेले. हॅरल्ड बेव्हरेज व एच. ओ. पीटरसन यांनी १९३१ मध्ये वर्णिलेल्या आर. सी. ए. कंपनीच्या ग्रहणपद्धतीत परस्परांपासून दूर उभारलेल्या तीन अँटेना होत्या. तिन्ही ठिकाणी संदेश एकाच क्षणी क्षीण होण्याचा संभव अल्प, हे तिचे तत्त्व. तथापि त्या तिन्ही अँटेना एकाच संदेशाचे रक्षण करीत होत्या. अधिक संदेश वाहून नेणे हा त्यांचा हेतू नव्हता.

तो हेतू स्टॅनफर्ड विद्यापीठातील आरोग्यस्वामी पॉलराज व थॉमस कैलाथ यांच्या १९९४ मध्ये मंजूर झालेल्या अमेरिकन पेटंटात स्पष्ट दिसतो. पॉलराज यांनी पूर्वी भारतीय नौदलात सोनारविषयक संशोधन केले होते. कैलाथ हे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे १९५६ चे पदवीधर. एक जलद संदेश अनेक मंद प्रवाहांत विभागावा, ते एकाच कंप्रतेवर निरनिराळ्या स्थानांवरून प्रक्षेपित करावेत व ग्राहकाच्या अँटेनासमूहाने पुन्हा विलग करावेत, अशी ती कल्पना होती.

गणिती अधिष्ठान बेल प्रयोगशाळेत सिद्ध झाले. एम्रे तेलातार यांचे १९९५ चे टिपण व जेरार्ड फोशिनी यांचा १९९६ चा निबंध यांवरून असे निष्पन्न झाले की, मार्ग पुरेसे भिन्न असल्यास एकूण शक्ती व कंप्रतापट्टा न वाढविताही वहनक्षमता वाढते. ही वाढ दोन्ही टोकांच्या अँटेनासंख्यांपैकी लहान संख्येच्या प्रमाणात होते. म्हणजेच पूर्वीचे विघ्न आता साधन झाले. परावर्तनेच नसतील, तर दूर अंतरावरून आलेले प्रवाह विलग करणे दुष्कर होते. १९९८ मध्ये त्याच प्रयोगशाळेत ८ प्रक्षेपक व १२ ग्राहक अँटेनांनी या तत्त्वाचा प्रत्यय दिला. २००९ च्या ८०२.११एन या वाय-फाय मानकाने ४ प्रवाह व प्रतिसेकंद ६०० मेगाबिटपर्यंतचा वेग मान्य केला.

या पद्धतीचा एकच जनक शोधणे म्हणूनच इतिहासास धरून होणार नाही. पेटंट, सिद्धान्त व प्रयोग यांचे कर्ते भिन्न आहेत. अनेक अँटेना तर १९३१ मध्येही उपलब्ध होत्या. बदलली ती त्यांच्याकडून करावयाची अपेक्षा.